नवसागराची पुडी

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात दर आठ-पंधरा दिवसांनी एक बातमी हटकून येते. गाव बदलते, ओढा बदलतो, लिटरचे आकडे बदलतात. बातमी मात्र तीच. ‘गावठी हातभट्टीवर छापा. गूळमिश्रित कच्चे रसायन जागेवरच नष्ट.’ सोबत छायाचित्र असते. त्यात पिंप उलथवणारा शिपाई, ओघळणारे तपकिरी पाणी आणि कडेला तोंडावर पदर ओढलेली एखादी बाई.

मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारखीला या बातमीत आधी अडवतो तो ‘रसायन’ हा शब्द. आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण आणि रोग दूर ठेवणारे औषध. च्यवनप्राश हे रसायनच. शास्त्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रसायन म्हणजे बरणीतले काहीतरी, ज्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि पंचनाम्यात रसायन म्हणजे काळा गूळ, पाणी आणि नवसागर यांचे आंबवण; जे अजून दारू झालेले नाही, पण होण्याच्या वाटेवर आहे. एका शब्दाची ही तीन बिऱ्हाडे पाहून मौज वाटते. मात्र यातला तिसरा अर्थ मला कोश उघडण्याच्या कितीतरी आधी ठाऊक झाला होता, आणि त्याला कारण नवसागर.

उसाच्या पट्ट्यातल्या एका बाजारगावात आमचे किराणा दुकान आहे. माझ्या लहानपणी दुकानाच्या वरच्या फळीवर तुरटी, हिंग, सुंठ यांच्या शेजारी नवसागराची बरणी असे. पांढरे खडे, जिभेला खारट आणि गार. त्याचे राजरोस गिऱ्हाईक म्हणजे कल्हईवाला. तापवलेल्या पितळी पातेल्यात तो नवसागराची पूड टाकी, कापसाच्या बोळ्याने फिरवी, नाकात झोंबणारा पांढरा धूर उठे आणि पाठोपाठ कथील चांदीसारखे पसरे. ही जादू बघायला आम्ही मुले घोळका करून उभी राहत असू. पुढे स्टीलची भांडी आली, कल्हईवाला वर्षाकाठी एकदा दिसेनासा झाला. नवसागराचा खप मात्र कमी झाला नाही.

ओढ्यापलीकडच्या वस्तीतून एक मावशी यायच्या. “पोरी, पावशेर नवसागर दे.” मी एकदा विचारले, “मावशी, एवढी कसली कल्हई करता?” त्यांनी माझ्याकडे बघितले, अण्णांकडे बघितले आणि म्हणाल्या, “घरच्या भांड्याला, बाई. घरचं भांडं लई काळं हाय.” अण्णा काही बोलले नाहीत. पुडी बांधून झाली. मावशींचा नवरा हा त्यांच्या भट्टीचा पहिला गिऱ्हाईक होता आणि उधारीवरचा होता, हे मला नंतर कळले. काळे भांडे कोणते, तेही तेव्हाच कळले.

पण नवसागर दारूत करतो काय, हे मला कुणी सांगितले नाही. गावात त्याची उत्तरे तयार होती. नवसागराने ‘कडक’ येते. नवसागराने नशा वाढते. नवसागराने आतडी जळतात. एक ना दोन. कॉलेजात आल्यावर शेजारच्या शास्त्र महाविद्यालयातल्या एका सरांना मी धीर करून हा प्रश्न विचारला. एका कला शाखेच्या मुलीने तो विचारावा याचे त्यांना हसू आले. पण त्यांनी नीट उत्तर दिले आणि वाचायला पुस्तकेही दिली.

गोष्ट अशी आहे. गुळाच्या पाण्यात साखरेची दारू करतो तो किण्व, म्हणजेच यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव. साखर हे त्याचे पोटभरीचे अन्न. पण नुसत्या भातावर जसे मूल वाढत नाही तसे नुसत्या साखरेवर यीस्ट वाढत नाही. त्याच्या सुक्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांचा असतो आणि प्रथिनाला नत्र लागते. गुळात साखर भरपूर, नत्र अगदी थोडे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याच्या वजनात सव्वीस टक्के नत्र असते. शेतकऱ्याच्या घरात युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नत्र असे छापलेले सगळ्यांनी वाचलेले आहे. तेव्हा सरळ सांगायचे तर नवसागर हे पिंपातल्या पिकाला घातलेले खत आहे!

हे मी वाचले तेव्हा मला मावशींची आठवण झाली आणि लगेच लुई पाश्चरची झाली. दारू आंबवणारे यीस्ट सजीव आहे हे सिद्ध करताना पाश्चरने साखरेचे पाणी, यीस्टची राख आणि एक अमोनियम क्षार एवढ्यावर यीस्ट वाढवून दाखवले होते. १८६० साली त्याचा मद्यार्काच्या किण्वनावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. ज्या युक्तीने पॅरिसच्या प्रयोगशाळेत एका मोठ्या वादाचा निकाल लागला, तीच युक्ती आमच्या ओढ्याकाठी, पाश्चरचे नावही न ऐकता, मातीच्या मडक्यात चालू होती. आणि त्याही मागे जायचे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘किण्व’ कसे करावे हे दिले आहे. त्यात तांदळाबरोबर उडीद सांगितले आहेत. उडीद म्हणजे डाळ, डाळ म्हणजे प्रथिन, प्रथिन म्हणजे नत्र. आसवे-अरिष्टे करणारे वैद्य त्यात धायटीची फुले टाकत आले आहेत. ती पाण्यात यीस्टही आणतात. आसव भट्टीवर चढवत नाहीत हे खरे, पण आंबवण्यापर्यंतची वाट तीच. म्हणजे आंबवणात काहीतरी टाकावे लागते हे माणसाला फार पूर्वी समजले. का टाकावे लागते हे समजायला पाश्चर यावा लागला.

आता नवसागराने दारू वाढते का? येथे गणित करावे लागते, आणि ते आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही जमण्याजोगे आहे. गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेल्या समीकरणाप्रमाणे १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड होतो. अर्धी साखर बुडबुडे होऊन हवेत जाते. दहा किलो गुळात आठ किलो साखर धरली, तर अगदी शेवटचा कण आंबला तरी शुद्ध मद्यार्क साडेपाच लिटरच्या आतच राहतो. त्यातूनही काही साखर यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी खाते, काहीचे ग्लिसरीन होते. म्हणून प्रत्यक्षात हाती येते ते याहून कमी. नवसागराचे पोते ओतले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. दारू साखरेची होते, नवसागराची नव्हे.

मग तो करतो काय? तो वेळ वाचवतो. नत्र नसलेल्या गुळाच्या पाण्यात यीस्ट उपाशी राहते, काम रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या गोड पाण्यात आंबट करणारे जिवाणू शिरतात. साखर दारूकडे जाण्याऐवजी शिरक्याकडे जाते आणि उतारा पडतो. नत्र मिळाले की यीस्टची पलटण झपाट्याने वाढते. शिवाय अमोनिया खाताना यीस्ट पाण्यात आम्लता सोडते, आणि त्या आम्लतेत पुष्कळ परके जिवाणू तग धरत नाहीत. आठ-दहा दिवसांचे काम निम्म्या दिवसांत उरकते. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतही हेच चालते, फक्त तेथे त्याला नीटनेटकी नावे आहेत. मळी पाण्याने पातळ करायची, गंधकाम्लाने आंबट करायची, युरिया व डायअमोनियम फॉस्फेट द्यायचे, फेस उतू जाऊ नये म्हणून थोडे तेल सोडायचे. टनभर मळीतून साधारण सव्वादोनशे लिटर किंवा थोडा अधिक मद्यार्क निघतो. ओढ्याच्या अलीकडे हे शास्त्र आणि पलीकडे तोच गुन्हा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे, कारण फरक पुढे आहे.

आंबवणात टाकलेली वस्तू केवळ उतारा वाढवत नाही, ती दारूचा पिंडही बदलते. यीस्टला आयते नत्र मिळाले नाही तर ते आंबवणातल्या अमिनो आम्लांतून नत्र काढून घेते आणि उरलेला सांगाडा जड अल्कोहोलांच्या रूपाने बाहेर टाकते. यांना फ्युझेल तेल म्हणतात. जर्मन भाषेत ‘फ्युझेल’ म्हणजेच हलकी दारू. फेलिक्स एर्लिखने १९०७ साली हा मार्ग उलगडला आणि अमोनियाचे क्षार दिले की फ्युझेल तेल घटते हेही दाखवले. म्हणजे गावाच्या समजुतीच्या नेमके उलट! बेताच्या नवसागराने दारू उग्र होत नाही, थोडी साफच होते.

आणि आतडी जाळण्याचे? नवसागर हा क्षार आहे. तो वाफ होऊन उडायला तीनशे अंशांहून जास्त उष्णता लागते. भट्टीवरचे आंबवण शंभर अंशांच्या आतबाहेर उकळते. आंबट पाण्यातला नवसागर मडक्यातच राहतो, धारेबरोबर येत नाही. तो धातूला मात्र खातो. कल्हईवाल्याच्या हातून पितळेचा मळ खातो तसाच भट्टीच्या पत्र्यालाही खातो. नवसागर मिळाला नाही की कुठे कुठे बॅटरीचे जुने सेल फोडून टाकतात असे आपण ऐकतो आणि शहारतो. त्यामागचे कारणही मला याच वाचनात सापडले. जुन्या धर्तीच्या सुक्या सेलमध्ये नवसागराचाच लगदा असतो. टाकणाऱ्याला हवा असतो तो नवसागर. त्याच्यासोबत जस्त आणि मँगनीज फुकट जातात. युरियाची कथा याहून निराळी. यीस्ट तोही आनंदाने खाते. पण उरलेला युरिया मद्यार्काशी, विशेषतः उष्णतेत, संयोग पावून एथिल कार्बामेट नावाचा पदार्थ करतो आणि तो प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करतो असे दिसून आले आहे. कॅनडाने १९८५ साली दारूतल्या त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली. पोते तेच, शेतात चालणारे. पिंपात त्याचा परिणाम वेगळा.

मराठीत कडकपणाची परमावधी सांगायला ‘पहिल्या धारेची’ असा वाक्प्रचार आहे. भाषणाला आपण पहिल्या धारेचे म्हणतो, टीकेलाही म्हणतो. भट्टीची पहिली धार सर्वांत कडक असते हे खरेच आहे, कारण हलके उडणारे पदार्थ आधी येतात. पण त्यांत मद्यार्काबरोबर अॅसिटाल्डिहाइड आणि एथिल अॅसिटेटही असतात. जाणता भट्टीवाला पहिला थोडा भाग बाजूला काढतो. आपल्या भाषेने गौरव केला तो नेमका टाकून द्यायच्या भागाचा!

येथवर मी जे लिहिले ते कुतूहलाचे झाले. पण मला हे लिहावेसे वाटले त्याला एक कारण आहे. मी नववीत असताना शेजारच्या गावी चार माणसे दारू पिऊन दवाखान्यात गेली. दोघे वाचले नाहीत. तिसऱ्याची दृष्टी गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारपेठेत एकच बोलणे. “नवसागर जास्त झाला.” मावशींच्या झोपडीवर लोक चालून गेले, मडकी फुटली. मृतांपैकी कुणीही त्यांच्याकडे प्यायला नव्हता. अण्णांना बोलावून कुणाकुणाला नवसागर विकला याची यादी विचारली गेली. पुढे तपासणीत निघाले ते मिथेनॉल, आणि ते आले होते कुठल्याशा कारखान्यासाठी निघालेल्या पिंपातून. तोवर मावशी गाव सोडून माहेरी गेल्या होत्या. जाण्यापूर्वी त्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या होत्या. अण्णांना एवढेच म्हणाल्या, “अण्णा, माझ्या हातची पिऊन घरं बुडाली असतील, न्हाई म्हणत न्हाई. माझं बी बुडालं. पर माणसं आंधळी न्हाई झाली.”

या वाक्यात जितके रसायनशास्त्र आहे तितकेच सत्यही आहे, हे मला आता कळते. मिथेनॉल हा मद्यार्काचा धाकटा भाऊ. रूप तेच, वास जवळपास तोच, आणि तो ६५ अंशांच्या सुमारास उकळतो. पोटात गेल्यावर यकृत त्याचे फॉर्मिक आम्ल करते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. दहा मिलिलिटरनेही माणूस आंधळा होऊ शकतो, आणि तीस मिलिलिटर जीव घ्यायला पुरे होतात. आंबवणात मिथेनॉल तयार होते ते फळांच्या गरातल्या पेक्टिनपासून. म्हणून फळांच्या दारूत ते थोडे असते, आणि रस जास्त सुटावा म्हणून पेक्टिन फोडणारे विकर टाकले तर आणखी वाढते. गुळात पेक्टिन जवळजवळ नसतेच. तेव्हा गुळाच्या भट्टीत नवसागर कितीही टाकला तरी चार माणसांना लोळवील इतके मिथेनॉल जन्माला येत नाही. ते बाहेरून, पिंपातून, ओतावे लागते. डिसेंबर २००४ मध्ये मुंबईच्या विक्रोळीत ऐंशीहून अधिक आणि जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक माणसे मेली. मालवणीच्या दारूत ओतलेले होते ते मिथेनॉलच. त्यांना नवसागराने मारले नाही.

या सगळ्यातून मला एक धागा दिसतो, तो घाईचा. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस, ज्याला निरो म्हणतात, तो काही न टाकता दोन-तीन दिवस आपोआप आंबू देतात. आधी हुर्राक निघते, ती पुन्हा भट्टीवर चढून फेणी होते. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जंगलात मोहाच्या फुलांना त्यांच्या त्यांच्या वेळेने फुगू देणारे लोक पिढ्यानपिढ्या होते. इंग्रज सरकारने १८९२ साली ठाणे-कुलाब्यासाठी मोहाच्या फुलांवर कायदा केला तेव्हा ती फुलेच चोरीचा माल झाली. जे उघड्यावर होते त्याला थांबता येते. लपून करायचे असले की दिवस मोजावे लागतात. पिंप जितके दिवस पुरलेले, तितके दिवस छाप्याची भीती. नवसागराची पुडी ही त्या भीतीची पुडी आहे. पण नवसागर टाकणारासुद्धा चार दिवस थांबतो. यीस्टची भूक, उष्णता, पाण्याचा वास या सगळ्यांकडे त्याला लक्ष द्यावे लागते. ज्याला तेवढेही थांबायचे नाही, तो आंबवतच नाही. तो पिंप उघडतो आणि पाणी मिसळतो. माणसे मरतात ती या शेवटच्या घाईने.

याचा अर्थ मी हातभट्टीची वकिली करते आहे असे कुणी समजू नये. नवसागर धारेत येत नाही म्हणून दारू निरुपद्रवी ठरत नाही. यकृत सडते ते इथेनॉलनेच, मग ते मडक्यातले असो की सोनेरी टोपणाच्या बाटलीतले. आमच्या वस्तीतल्या कितीतरी बायकांच्या पाठीवरचे वळ हे अगदी शुद्ध मद्यार्काचे आहेत. पण अपराधाचे नाव चुकीचे घेतले की खरा अपराधी निसटतो. ‘नवसागर जास्त झाला’ एवढे म्हटले की पिंप कुठून आले, कुणी विकले, कुणाच्या नजरेआडून गेले हे प्रश्न कुणी विचारत नाही. दवाखान्यातही उशीर होतो. मिथेनॉलच्या बाधेवर वेळेत उपचार मिळाले तर जीव वाचतो, डोळे वाचतात. पण ते मिथेनॉल आहे हे आधी कुणाला तरी सुचावे लागते. त्यावरचा एक उतारा म्हणून डॉक्टर इथेनॉलच देतात, कारण यकृत ते आधी पचवायला घेते आणि मिथेनॉल तसेच पडून राहते. धाकट्या भावाचे विष थोरल्याने थोपवायचे, असा हा प्रकार आहे.

आम्ही कला शाखेची मुले शब्दांवर जगणारी. आम्हाला कुणी शुद्धलेखनाची चूक दाखवली तर आम्ही ती मान खाली घालून सुधारतो. ‘विषारी दारू’ या दोन शब्दांत आंबट झालेले आंबवण, पत्रा खाल्लेले मडके, युरिया, जुना सेल आणि कारखान्याचे मिथेनॉल हे सारे आपण एकाच गाठोड्यात बांधतो, ही मात्र कुणाला चूक वाटत नाही. ती सुधारायला प्रयोगशाळा लागत नाही. बातमी वाचताना एवढेच विचारायचे, की यात काय होते आणि ते आले कुठून? हा प्रश्न त्या दिवशी बाजारपेठेत एका माणसाने जरी विचारला असता, तरी काही मडकी शाबूत राहिली असती आणि एक बाई आपल्या घरात राहिली असती.